ढसाळांवर चरित्रपट करायचा तर पडद्यावर कोणकोण दिसायला हवं?

सातरस्ता (धागाकर्ता)

कवी आणि दलित पँथरचे एक संस्थापक नामदेव ढसाळांवर पूर्ण लांबीचा चरित्रपट हा विषय निघाला की गाडी एकाच ठिकाणी अडकते: ढसाळ कोण करणार? पाच-सात नटांची नावं येतात, त्यांच्या रंगावर आणि बांध्यावर वाद होतो आणि धागा संपतो. प्रश्न महत्त्वाचा आहे, पण पहिला नाही.

आयुष्याचा आवाका बघा. जन्म १५ फेब्रुवारी १९४९, पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातलं पूर-कनेरसर. लहानपणीच मुंबई, कामाठीपुऱ्याच्या वेश्यावस्तीलगत गोलपिठ्याजवळची ढोर चाळ. वडील खाटकाकडे कामाला. पुढे स्वतः टॅक्सी चालवली. १९७२ साली ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आणि त्याच वर्षी दलित पँथर ही तरुणांची लढाऊ संघटना. १९७४ ची वरळीची दंगल. मल्लिका अमर शेख यांच्याशी लग्न. १९८१ च्या सुमारास मायस्थेनिया ग्रेव्हिस हा स्नायू थकवणारा आजार. १९९९ ला पद्मश्री, २००४ ला साहित्य अकादमीचा सुवर्णमहोत्सवी जीवनगौरव, १५ जानेवारी २०१४ ला मृत्यू. या सगळ्यात गावकुसाबाहेरचा महारवाडा आहे, मुसलमान खाटीक आहेत, तेलुगू, कानडी, नेपाळी बोलणाऱ्या बाया आहेत, हिजडे आहेत, कम्युनिस्ट शाहिराचं घर आहे, गिरणगाव आहे. यातलं काय पडद्यावर येणार आणि ते कोण उभं करणार?

इथे पडद्यामागे काम करणारे बरेच जण आहेत. आपापल्या खात्यातलं सांगा: काय करायचं, कुठे चुकतं, का चुकतं. किस्से नकोत, कामाचं बोलू.

निवडचाचणी

सुरुवात जाहिरातीपासून करतो, कारण पहिली चूक तिथेच होते. ‘सावळा, रापलेला, वस्तीतला वाटेल असा’ असं लिहिलं की समोर येतात ते वस्तीतल्या माणसाची नक्कल करणारे. त्याऐवजी वय, भाषा आणि वाचनाची तयारी लिहावी. शिवाय एक वाक्य उघडपणे टाकावं: आंबेडकरी चळवळीच्या घरांतून आलेल्या कलावंतांना अग्रक्रम. चाचणीच्या खोलीत कुणालाही जात विचारायची नाही. ज्याला सांगायचं तो आपणहून सांगतो, ज्याला नाही सांगायचं त्याच्यावर दडपण येत नाही.

जाहिरात नेहमीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली तर नेहमीचेच चेहरे येणार. राज्य नाट्य स्पर्धेतले संघ, कामगार रंगभूमी, महाविद्यालयीन एकांकिका, भीमजयंतीला कार्यक्रम करणारी जलसा-पथकं, शाहिरी पथकं इथे माणूस पाठवावा लागतो. किमान दोन महिने हातात हवेत. ‘आम्ही शोधलं, पण कुणी मिळालंच नाही’ ही तक्रार ऐकू येते तिथे बहुतेक वेळा शोधायला दहा-बारा दिवसच दिलेले असतात.

वयाचंही बघा. १९७२ साली ढसाळ तेवीस वर्षांचे होते आणि पँथरमधली बाकीची मंडळीही विशी-तिशीतली. तिथे चाळिशीतला नट मिशी काळी करून उभा केला की संघटनेचं तरुणपणच जातं, आणि मग त्यांचा राग वैतागासारखा दिसायला लागतो. बालपण, तारुण्य, उतारवय असे तीन नट घ्यावेत, निदान शेवटचा टप्पा तरी वेगळा द्यावा.

चाचणीच्या तीन फेऱ्या पुरतात. पहिलीत दोन-तीन मिनिटं स्वतःच्या भाषेत गप्पा, संहिता नाही. दुसरीत गद्याचं एक पान. तिसरीत न दाखवलेली कविता, उभं राहून, संगीताशिवाय. तिसऱ्या फेरीत बरेच जण गळतात, कारण शाळेपासून अंगवळणी पडलेला काव्यवाचनाचा सूर सुटत नाही. दुकानदाराशी उधारीवरून बोलतोय असं समजून वाच, असं सांगितलं की सूर तुटतो आणि नट खरा किती पाण्यात आहे ते कळतं.

आणि रंग लावायचा नाही. कुणाच्याही चेहऱ्याला नाही. काळ्या-सावळ्या कातडीवर फाउंडेशनचा गडद थर दिला की कॅमेऱ्यात ती मातीसारखी, निर्जीव दिसते. कॅमेरामनने एक्स्पोजर चेहऱ्याचं धरावं, भिंतीचं नाही. मागची भिंत पांढरी ठेवू नये. उजेड बाजूने, मोठ्या पृष्ठभागावरून मऊ करून सोडावा, म्हणजे गालाच्या हाडावर, कपाळावर कातडीची स्वतःची चमक येते. साठ वॅटच्या पिवळ्या दिव्याखाली लुक टेस्ट घ्या. त्या काळच्या खोल्यांत रात्री तोच उजेड होता.

भायखळा_पूर्व

निवडचाचणीशी सहमत, पण क्रम उलटा हवा. नट येईपर्यंत संहितेत माणसं ठरून गेलेली असतात. लिहिणाऱ्या खोलीत कोण बसलंय तिथून सुरुवात करा.

या चित्रपटाच्या बाबतीत एक सापळा अगदी तयार आहे. ‘गोलपिठा’ला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. त्यांना अनोळखी शब्दांचे अर्थ ढसाळांना विचारावे लागले, ढसाळांबरोबर त्या भागात फिरून आले, हे सगळ्यांना माहीत आहे. पटकथाकाराला हे आयतं दार वाटतं: पांढरपेशा पाहुणा वस्तीत शिरतो, आपण त्याच्या डोळ्यांनी बघतो, त्याला धक्का बसतो तसा आपल्यालाही. एकदा हे दार घेतलं की पुढचे दोन तास कॅमेरा पाहुण्याच्या खांद्यावर बसतो आणि तिथे राहणारे लोक देखावा होतात. तेंडुलकर यावेत, जरूर यावेत, पण तोवर प्रेक्षक त्या गल्लीत तासभर राहून गेलेला हवा. म्हणजे तेंडुलकर शब्दाचा अर्थ विचारतील तेव्हा तो प्रेक्षकाला आधीच ठाऊक असेल.

खोलीत किमान एक लेखक किंवा लेखिका दलित हवी, आणि ती ‘सल्लागार’ म्हणून नको. सल्लागाराला पहिला खर्डा झाल्यावर बोलावतात, मानधन एकरकमी आणि थोडं, आणि त्याने काढलेली चूक दुरुस्त करायची की नाही हे दुसरंच कुणी ठरवतं. पटकथा किंवा संवादाच्या श्रेयात नाव, प्रत्येक खर्ड्यावर लेखी टिपण देण्याचा हक्क आणि ते टिपण मानलं नाही तर लेखी कारण. एवढं करारात घाला.

बोलीचा_कान

बोलीबद्दल सविस्तर लिहिते, कारण इथे सर्रास ढिसाळपणा चालतो.

मराठी चित्रपटात ‘गावरान’ नावाची एक बोली आहे, जी कुठल्याच गावात बोलत नाहीत. थोडं कोल्हापूर, थोडं सातारा, वर ‘म्या’ आणि ‘न्हाय’ची फोडणी. खेड तालुक्यातल्या महारवाड्यातून पन्नासच्या दशकात आलेल्या कुटुंबाला ही बोली देऊन चालणार नाही. त्या पट्ट्यातल्या पाच-सहा वयस्क माणसांची प्रत्येकी चाळीस-पन्नास मिनिटं ध्वनिमुद्रणं करा, निम्म्या स्त्रिया. प्रश्न विचारू नका, कामाबद्दल बोलतं करा: सरपण, लग्नातलं जेवण, मुंबईचा पहिला प्रवास. त्यातून शब्दांची यादी काढण्याऐवजी वाक्य कुठे संपतं आणि आवाज कुठे उतरतो ते टिपा. नटांनी तीन आठवडे नुसतं ऐकायचं. बोलायला चौथ्या आठवड्यापासून.

मुंबईत आल्यावर बोली बदलते, आणि सगळी गंमत इथेच आहे. घरात आईशी एक, खाटीकखान्यात दखनी वळणाची हिंदी, टॅक्सीत गिऱ्हाईकाशी तिसरी, सभेत चौथी, संपादकाशी पाचवी. संहितेच्या समासात प्रत्येक प्रसंगापुढे लिहून ठेवा: कोणाशी बोलतोय, कुठली बोली. हे केलं नाही की सरसकट ‘अपुन-तुपुन’ होतं. एकाच संवादात माणूस बोली बदलतो ती जागा तर संहितेत अधोरेखित करून ठेवा. पोलीस समोर आल्यावर टॅक्सीवाल्याची हिंदी कशी बदलते, एवढं नीट दिसलं तरी दोन पानांचे संवाद वाचतात.

कामाठीपुऱ्यातल्या बाया आपसात मराठी बोलणार नाहीत. कामाठी हे मुळात तेलंगणातून आलेले मजूर, त्यांच्यावरूनच नाव पडलं. तेलुगू, कानडी, नेपाळी, बंगाली जशी असेल तशी बोलू द्या आणि खाली उपशीर्षक द्या. संपादनात हे संवाद ‘गलका’ म्हणून पार्श्वध्वनीत ढकलतात. तसं होऊ नये म्हणून चित्रीकरणाच्या वेळीच त्यांना वेगळे माईक लावा.

सातरस्ता

ताई, एक शंका. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’, ‘कोण’ऐवजी ‘कोन’ हे ठेवायचं की नाही? ठेवलं तर टिंगल वाटते, काढलं तर खोटं वाटतं.

बोलीचा_कान

ठेवायचं, पण सगळ्यांना. अडचण ‘न’मध्ये नाही, वाटपात आहे. चित्रपटात फक्त दलित पात्र ‘पानी’ म्हणतं आणि चाळीतला मराठा, कोळी, आगरी शुद्ध ‘पाणी’ म्हणतो. प्रत्यक्षात हा उच्चार कितीतरी जातींत होता आणि आहे. एकाच्याच तोंडी दिला की तो जातीचा शिक्का होतो. आणि ढसाळांच्या कवितेत संस्कृतप्रचुर शब्दाला खेटून रस्त्यावरची शिवी बसलेली असते. म्हणजे या माणसाला दोन्ही येत होतं आणि तो ठरवून निवडत होता. नटालाही दोन्ही यायला हवं. प्रमाण मराठी बोलताना तो अडखळला की सगळं मुसळ केरात.

नेपथ्य_रंगकाम

जागेबद्दल. फॉकलंड रोडचं आजचं नाव पठ्ठे बापूराव मार्ग. पिला हाऊसचा परिसर अजून ओळखू येतो, पण सत्तरच्या दशकातली सलग गल्ली आज तिथे उभी राहून टिपता येणार नाही. केबल, एसीचे डबे, मागचे मनोरे कुठल्याही कोनातून आत येतात. साठ-सत्तर फुटांची एक बाजू सेटवर बांधा आणि पुढचं कम्प्युटरवर वाढवा. तळमजल्याच्या गजांच्या खोल्या, ज्यांना पिंजरे म्हणत, त्या सेटवर नेहमी फार मोठ्या होतात, कारण कॅमेऱ्याला जागा हवी असते. खोली खऱ्या मापाची बांधा आणि भिंत बिजागरीवर घ्या. आतली खाट विटांवर चढवलेली असावी. खाली पत्र्याची ट्रंक, भांडी, रॉकेलची बाटली आणि झोपलेलं मूल. वर पडदा. नुसती ती खाट आणि तिच्याखालचा अंधार नीट दाखवला तर त्या खोलीत कोण कसं राहतं ते सांगायला संवाद लागत नाही.

काळाच्या चुका: ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली, म्हणजे ढसाळांच्या पंधराव्या वर्षापर्यंतच दाखवा. १९७२ च्या टॅक्सीवर ‘पद्मिनी’ नाव नको, ते १९७४ पासूनचं. त्याआधीची फियाट ११०० शोधा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, त्यामुळे ‘गोलपिठा’च्या काळात चाळीत टीव्हीभोवती गर्दी दाखवायची नाही.

झेंडे निळे, पण सुती कापडाचे, हाताने रंगवलेले, धुऊन थोडे विटलेले. चकचकीत सॅटिन आजच्या मिरवणुकीचं आहे. घरातली तसबीर हा आणखी एक मुद्दा. बाबासाहेबांचा फोटो पात्राच्या पाठीमागे बरोबर मधोमध लटकवायचा, म्हणजे प्रेक्षकाला जात कळली, ही सवय सोडा. घरात फोटो जिथे असतो तिथे असू द्या: बुद्धाशेजारी, कॅलेंडरच्या खाली, घड्याळाच्या बाजूला, काचेला तेलकट डाग असलेला.

रात्रपाळी

आता त्या खोलीत कोण बसणार? वेश्यावस्तीतल्या प्रसंगांसाठी बहुतेक वेळा ज्युनिअर आर्टिस्ट बोलावतात, भडक लिपस्टिक लावतात आणि ‘खिडकीत उभ्या राहा, हात हलवा’ एवढीच सूचना असते. त्याच वस्तीतल्या बायांना कॅमेऱ्यासमोर आणायचं ठरवलं तर तयारी वेगळी लागते.

आधी संमती. कागद मराठी-हिंदीत असून भागत नाही, त्यांच्या भाषेत वाचून दाखवणारी बाई हवी आणि ती निर्मात्याच्या पगारावरची नको. दोन प्रती, एक तिच्याकडे. चेहरा दिसेल का, झलकेत दिसेल का, पोस्टरवर दिसेल का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत, तीन वेगळ्या सह्या घ्या. गावी घरच्यांना ठाऊक नसतं, त्यामुळे चित्रपटाला होकार आणि पोस्टरला नकार हे अगदी नेहमीचं आहे. माघार घेण्याची मुदत संपादन पक्कं होईपर्यंत ठेवा आणि ती तारीख कागदावर घाला.

पैसे त्याच दिवशी, पॅकअपच्या आधी, इतर ज्युनिअर आर्टिस्टना मिळतात तेवढेच. मधल्या माणसाच्या हातात द्यायचे नाहीत. कपडे बदलायला कडी लागणारी खोली. जवळिकीच्या प्रसंगांना इंटिमसी कोऑर्डिनेटर (असे प्रसंग कलावंतांच्या संमतीने बसवणारी व्यक्ती) आणि सेटवर मोजकी माणसं, मग नायिका असो वा खिडकीतली बाई.

हिजड्यांच्या भूमिका तृतीयपंथी कलावंतांनीच कराव्यात. पुरुष नटाला साडी नेसवून टाळी वाजवायला लावणं आता बंद व्हायला हवं. आणि त्यांना टाळीपलीकडचं काम द्या. घरभाडं मागणारी, आजाऱ्याला दवाखान्यात नेणारी, कर्ज देणारी माणसं तिथे तीच होती.

मुलं असतील तर बालकामगार कायद्याखालचे २०१७ चे नियम बघा. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती, सलग २७ दिवसांच्या वर काम नाही, पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस आणि कमाईचा किमान वीस टक्के हिस्सा मुलाच्या नावाने मुदत ठेवीत. वस्तीतल्या प्रसंगात मुलाला समोर काय चाललंय हे दिसणार नाही अशा रीतीने शॉट तोडा. मूल बघतंय तो शॉट वेगळा, ते जे बघतंय तो वेगळा, दोन वेगळ्या दिवशी.

मेंदूविकार

मायस्थेनियाबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून. आजारी कवी म्हटलं की चित्रपटात तीन गोष्टी ठरलेल्या: खोकला, थरथरता हात, घामेजलेलं कपाळ. या आजारात यातलं काहीच मुख्य लक्षण नाही.

नस आणि स्नायू जिथे जुळतात तिथला संदेश शरीराचीच प्रतिपिंडं अडवतात. त्यामुळे स्नायू वापरला की दमतो, विश्रांतीने सुधारतो. मेंदू, स्मरणशक्ती, स्पर्श शाबूत. सकाळी माणूस बरा, संध्याकाळी पापणी खाली येते, बहुधा एक जास्त आणि दुसरी कमी. एकाची दोन दिसतात, म्हणून वाचताना एक डोळा हाताने झाकला जातो. जेवताना शेवटच्या घासांना जबडा थकतो, बोटांनी हनुवटी उचलून चावावं लागतं. बोलणं स्वच्छ सुरू होतं आणि दहा-बारा वाक्यांनंतर नाकातून यायला लागतं. पायरिडोस्टिग्मिनची गोळी घेतली की अर्ध्या-पाऊण तासात फरक पडतो आणि तो तीन-चार तास टिकतो.

नटासाठी याचा अर्थ असा की प्रसंगाच्या सुरुवातीला एक शरीर आणि शेवटी दुसरं. म्हणून असे प्रसंग सलग चित्रित करा, तुकड्यांत नको. तुकड्यांत केले तर पापणीची कंटिन्युइटी हमखास चुकते. पापणीला चिकटपट्टी लावून बघू नका, ती स्थिर राहते आणि खोटी दिसते. भुवई उचलून पापणी उघडी ठेवायची धडपड नटाने कमावली तर कपाळावर ज्या आठ्या पडतात, त्यावरून आजार कळतो.

सभेच्या प्रसंगात याचा उपयोग बघा. वक्ता भाषण लांबवतोय आणि त्याचा आवाज त्याला सोडून चाललाय. हे दारूमुळे आहे असं समोरच्यांना वाटू शकतं. नाकातला आवाज आणि मिटत चाललेला डोळा बघून माणसाला बेवडा ठरवणं ही या रुग्णांची नेहमीची तक्रार असते. चित्रपटाने तरी तो घोळ करू नये. व्यसन दाखवायचं तर वेगळं दाखवा.

पानं_मोजणारी

आता ज्या भूमिकेवर असे चित्रपट सर्वांत जास्त अन्याय करतात ती. कवीची बायको.

मल्लिका अमर शेख यांचा जन्म १९५७ चा. ढसाळांहून आठ वर्षांनी लहान, शाहीर अमर शेखांची मुलगी आणि स्वतः कवयित्री. ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे त्यांचं आत्मचरित्र १९८४ साली आलं आणि त्यात संसाराची त्यांची बाजू त्यांनी काहीही न झाकता मांडली आहे. त्यामुळे ‘आम्हाला ठाऊक नव्हतं’ ही सबब कुणालाच उरत नाही.

मोजायची पद्धत सोपी आहे. संहिता छापा, तीन रंगांचे मार्कर घ्या. ती आहे पण बोलत नाही ती पानं पिवळी, बोलते पण त्याच्याबद्दलच बोलते ती निळी, स्वतःच्या कामाबद्दल, शरीराबद्दल, लेखनाबद्दल बोलते ती हिरवी. बहुतेक चरित्रपटांत हिरवी पानं तीन-चारच निघतात, आणि त्यातलं एक ती घर सोडून जाते ते. इथे किमान वीस हवीत, आणि त्यातली पाच-सहा तरी अशी की खोलीत नामदेव नाहीत. ती टेबलावर लिहिते आहे आणि दुसऱ्या कुणीतरी ते वाचलंय, असा प्रसंग हवा.

हिंसा दाखवताना कॅमेरा कुठे आहे हे महत्त्वाचं. मारणाऱ्याच्या खांद्यावरून चित्रण केलं की त्याचा राग आपला होतो आणि पुढच्या प्रसंगात तो कविता लिहायला बसला की प्रेक्षक माफ करून मोकळा. आधीचा प्रसंग तिच्या बाजूने घ्या आणि लगेच कवितेवर कट मारू नका. मध्ये दुसरी सकाळ येऊ द्या: भांडी, दूध, शेजारीण काय विचारते आणि ती काय सांगते.

वयही लपवू नका. तिशीतल्या नटीला ही भूमिका दिली की दोघं बरोबरीची वाटतात आणि सतरा-अठराव्या वर्षी संसारात पडलेल्या मुलीचा धसका निघून जातो.

एक बजावून सांगते. दलित नायकाचं घरातलं वागणं दाखवलं की समाजाची बदनामी होते असं म्हणणारे भेटतील. उलट्या बाजूने, फक्त तेवढंच दाखवायला उत्सुक असणारेही भेटतील. मल्लिकाबाईंच्या पुस्तकाने ही जबाबदारी आधीच उचललेली आहे, चित्रपटाने ती खाली टाकू नये.

गिरणगाव_७४

+१. आणि पँथर म्हणजे एकटे ढसाळ नव्हेत. राजा ढाले, ज. वि. पवार, अर्जुन डांगळे यांना ‘मित्र १, मित्र २’ करू नका. ढालेंचा ‘साधना’ साप्ताहिकातला १५ ऑगस्ट १९७२ चा लेख आणि त्यावरून उठलेलं वादळ हा स्वतंत्र प्रसंग आहे. ढाले आणि ढसाळ यांच्यातला मतभेद वैचारिक होता, चित्रपटात तो दोन पुरुषांच्या अहंकाराचा होऊन बसेल. वाचून घ्या.

वरळीच्या दंगलीबद्दल. ५ जानेवारी १९७४ ची सभा, वरळीच्या बीडीडी चाळींचं मैदान. मग १० जानेवारीचा मोर्चा, ज्यात भागवत जाधव यांच्यावर वरून दगड टाकला गेला आणि ते गेले. गर्दी उभी करताना पाचशे माणसं मागवतात आणि ती सगळी पुरुष असतात. मोर्चात बाया होत्या, गॅलरीत बाया होत्या, दोन्ही बाजूंच्या. तीसेक लोकांच्या गटाला एक सहायक, प्रत्येक गटाला वेगळं काम आणि वेगळी घोषणा, गटात तीन पिढ्या. घोषणा आधी दोन दिवस तालमीत बसवून घ्या, नाहीतर ‘जय भीम’ क्रिकेटच्या आरोळीसारखा निघतो.

शेवटची वर्षंही गाळू नका. आणीबाणीला दिलेला पाठिंबा, पुढे शिवसेनेशी जवळीक. ज्या वरळीत १९७४ ला शिवसैनिकांशीच झुंज झाली, त्यानंतर हे. भक्तांना नको असतं आणि विरोधकांना तेवढंच हवं असतं, पण गाळलं तर माणूस अर्धा राहतो.

करारनामा

कायद्याचं थोडक्यात. कवितांवरचा हक्क कवीच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षं, म्हणजे ३१ डिसेंबर २०७४ पर्यंत. चार ओळी वाचायच्या असतील तरी वारसांची किंवा हक्कधारकाची लेखी परवानगी घ्या. करारात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. परदेशातले महोत्सव आणि ओटीटी दोन्ही इथे अडकतात. आणि वेगळं ठरलेलं नसेल तर घेतलेला हक्क वर्षभरात न वापरल्यास तो निघून जातो, तेव्हा चित्रीकरण लांबलं तर सावध.

इंग्रजी उपशीर्षकांसाठी छापील अनुवाद उचलला तर त्याचा हक्क वेगळा. ढसाळांच्या कवितांचे अनुवादक दिलीप चित्रे २००९ ला गेले, म्हणजे त्यांच्या अनुवादांवरचा हक्क २०६९ अखेरपर्यंत. मल्लिकाबाईंच्या आत्मचरित्राचा करार स्वतंत्र करा, ‘कुटुंबाची परवानगी’ या एका कागदात तो गुंडाळू नका. कलम ५७ खाली रचनेची मोडतोड झाली तर लेखक आणि त्याच्या पश्चात वारस दाद मागू शकतात. कवितेतला शब्द ‘बीप’ करणं हीसुद्धा मोडतोड आहे असा युक्तिवाद होऊ शकतो, म्हणून हे सेन्सॉरच्या आधीच बोलून ठेवा.

सेन्सॉरला जाताना कवितेच्या प्रत्येक ओळीसोबत छापील संग्रहाचं पान आणि प्रकाशनवर्ष जोडा. १९८६ च्या ‘गांडू बगीचा’ या संग्रहाच्या तर नावातच अडचण आहे, तो पडद्यावर दिसणार असेल तर आधीच टिपण द्या. ‘यूए १६+’ किंवा ‘ए’ची तयारी ठेवून अर्ज करा, खालच्या वर्गासाठी शब्द कापून घेऊ नका. समितीने कट सांगितले तर पुनरीक्षण समिती, नंतर थेट उच्च न्यायालय. अपिलीय न्यायाधिकरण २०२१ ला बंद झालं. प्रदर्शनाच्या तारखेआधी किमान तीन महिने हातात ठेवा.

निवडचाचणी

भायखळा_पूर्व, क्रमाबद्दलचं तुमचं पटलं. लेखन आधी. पण नायकाबद्दल मी ठाम आहे: मुख्य भूमिका दलित नटाकडेच जावी. इतरांना ‘जमणार नाही’ असा माझा मुद्दा नाही. अशा भूमिका वर्षानुवर्षं दुसरीकडे गेल्या, त्यामुळे या नटांच्या नावावर मुख्य भूमिका नसते, आणि नाव नाही म्हणून पैसे लावणारा पुढे येत नाही. कुठेतरी हे तोडावं लागेल. बजेटची भीती असेल तर ओळखीचे चेहरे संपादक, वकील, मंत्री या भूमिकांत घ्या.

भायखळा_पूर्व

पटलं. फक्त त्याला एकट्याला नको. चांगल्या हेतूचे लोक एवढीच चूक करतात: नायक आपला, आणि दिग्दर्शनापासून जेवणाच्या टेबलापर्यंत बाकी सगळे नेहमीचेच. त्या पोराला सेटवर कुणाशी बोलताही येत नाही. सहायक दिग्दर्शक, संकलन, ध्वनी, वेशभूषा, प्रत्येक खात्यात माणसं हवीत.

सातरस्ता

खूप सामान जमलं. एक राहिलं. शेवटच्या नामावलीत खिडकीतल्या बायांना ‘वेश्या १’, ‘वेश्या २’ असं लिहितात. त्यांचं काय करायचं?

रात्रपाळी

संहितेतच प्रत्येकीला नाव द्या, मग ती पडद्यावर दहा सेकंद का असेना. आणि संमतीच्या कागदावर एक रकाना वाढवा: नामावलीत नाव कसं हवं. कुणी खरं नाव सांगेल, कुणी धंद्यातलं, कुणी माहेरचं. तिच्यासमोर देवनागरीत लिहून मोठ्याने वाचून दाखवा. नेपाळी आणि तेलुगू नावं टायटल करणारा हमखास चुकवतो, म्हणून शेवटच्या प्रिंटआधी ती यादी पुन्हा तिच्याकडे जायला हवी. नाव नकोच असेल तर रकान्यात रेघ मारा, शेजारी तिची सही किंवा अंगठा घ्या, आणि त्या कागदाची प्रत टायटलवाल्याला द्या.